घाईच्या दिवशी मेनू चढतो, निवांत दिवशी नाही: वेबहुकचं कोडं

खाडीकाठचा | शुक्रवार, रात्री ११.०५

मंडळी, एरवी मी इथे वाचनमात्र. आज डोकं पार बधिर झालंय म्हणून धागा काढतोय. लांबण लागेल, पण आधीच सगळं सांगितलं की 'अजून माहिती द्या' हे दहा प्रतिसाद वाचतील.

माझी मावशी घणसोलीत पोळीभाजी केंद्र चालवते. महापे, रबाळे, ऐरोलीच्या ऑफिसांत दुपारचे साठ-सत्तर डबे जातात. दिवसाचा मेनू एका साध्या वेबपानावर असतो. लोक सकाळी साडेदहापर्यंत तो बघून डबा सांगतात. पान मीच दिवाळीच्या सुट्टीत करून दिलं. मेनूची फाइल गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर, खासगी रेपोत, म्हणजे फक्त आमच्यापुरत्या कप्प्यात. मावसबहीण सकाळी सातला मोबाइलवरून गिटहबच्या साइटवर जाते, फाइल उघडते, भाजी बदलते आणि कमिटचं, म्हणजे बदल नोंदवायचं, हिरवं बटण दाबते. गिट म्हणजे काय ते तिला ठाऊक नाही आणि ठाऊक असायची गरजही नाही.

पुढची साखळी अशी. मेन ब्रँचवर (रेपोच्या मुख्य प्रतीवर) पुश आला, म्हणजे नवा बदल पोचला, की गिटहब माझ्या रिसीव्हरला वेबहुक, म्हणजे आपोआप जाणारा निरोप, पाठवतं. रिसीव्हर म्हणजे पायथनमध्ये, फ्लास्क या वेब लायब्ररीवर लिहिलेला ऐंशी ओळींचा जीव. तो वेबहुकवरची सही (निरोप खरंच गिटहबचा असल्याची खूण) तपासतो आणि साइट ज्या होस्टिंग प्लॅटफॉर्मवर आहे त्याच्या एपीआयला (प्रोग्रामांसाठीच्या खिडकीला) सांगतो की हे कमिट उचल आणि चढव. चढलं की मावशीच्या फोनवर 'मेनू लागला' असा निरोप जातो.

हे सगळं कधी चालतं, कधी चालत नाही. महिनाभर वहीत नोंद ठेवली. केंद्रात सकाळी गडबड असेल, म्हणजे बाई आल्या नाहीत, गॅस संपला, असलं काही, त्या दिवशी मेनू बिनबोभाट चढतो. सगळं निवांत असेल त्या दिवशी हमखास बोंबलतो. काल गुरुवारी पानावर बुधवारची दुधी-चणाडाळ तशीच राहिली आणि डब्यातून गेलं वालाचं बिरडं. महाप्याहून एकाने फोन करून 'दुधी कुठंय' विचारलं. बिरडं समोर आल्यावर दुधीची आठवण काढणारा माणूस मी पहिल्यांदा ऐकला, पण ते असो.

प्लॅटफॉर्मच्या लॉगमध्ये बिघडलेल्या दिवशी काहीही नाही. एररही नाही. जणू कोणी दार वाजवलंच नाही.

चौथी_सीट | शुक्रवार, रात्री ११.२०

रिसीव्हर कुठे ठेवलाय? फुकटच्या प्लॅनवर असेल तर उत्तर सोपं आहे. बऱ्याच ठिकाणी फुकटचा सर्व्हर थोडा वेळ कोणी विचारलं नाही की झोपतो. सकाळी सातला वेबहुक येतं, तो डोळे चोळत उठेपर्यंत पाऊण मिनिट जातं. गिटहब १० सेकंदांपलीकडे वाट बघत नाही. आणि एकदा फसलेलं वेबहुक ते आपणहून पुन्हा पाठवत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. गडबडीच्या दिवशी तुमची बहीण दोनचारदा पान उघडून बघत असणार, सर्व्हर जागा राहत असणार.

गावदेवीकर | शुक्रवार, रात्री ११.३१

हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? गिटहब अ‍ॅक्शन्स आहेत ना. मेनवर पुश आला की एक वर्कफ्लो चालेल, तो प्लॅटफॉर्मच्या एपीआयला एक पोस्ट रिक्वेस्ट मारेल, टोकन, म्हणजे एपीआयची किल्ली, रेपोच्या सीक्रेट्समध्ये (गुप्त कप्प्यात) राहील. रिसीव्हर नको, सही नको, झोपणारा सर्व्हर नको. १५ ओळींत काम. किंवा त्याहून सोपं, प्लॅटफॉर्मवरचं 'गिटहबशी जोडा' हे बटण दाबा आणि शांत झोपा.

खाडीकाठचा | शुक्रवार, रात्री ११.५२

@चौथी_सीट, फुकटच्याच प्लॅनवर आहे. तुमचं म्हणणं पटतंय, उद्या बघतो.

@गावदेवीकर, बटण दाबायला गेलो होतो. परवानगीचं पान आलं त्यात 'सर्व खासगी रेपो, वाचणे आणि लिहिणे' असं होतं. त्याच खात्यातून मी ऑफिसच्या रेपोही वापरतो. मावशीच्या भेंडीसाठी ऑफिसचा कोड कोणाच्या हवाली करायला मन धजेना. म्हणून प्लॅटफॉर्मला फक्त या एका रेपोची 'डिप्लॉय की' (किल्ली) दिली, ती पण निव्वळ वाचण्यापुरती. अ‍ॅक्शन्सचं म्हणाल तर खरं सांगतो, मला हे स्वतःच्या हाताने जोडून बघायचं होतं.

माझी कॉन्फिग खाली देतो, कोणाला काही दिसलं तर सांगा.

[मजकूर संपादकांनी काढला]

रात्रपाळी | शुक्रवार, रात्री ११.५५

अहो!!! ते टोकन आहे! प्रतिसाद काढा आणि त्याआधी टोकन रद्द करा. आत्ता. बाकीचं मग बोलू.

संपादक | शनिवार, रात्री १२.०१

प्रतिसादातला टोकनचा भाग काढून टाकला आहे. तेवढ्या वेळात तो कोणी वाचला असेल ते आम्हाला सांगता येणार नाही. कृपया जपून.

खाडीकाठचा | शनिवार, रात्री १२.१४

रद्द केलं, नवीन काढलं. हात अजून थरथरताहेत. त्या टोकनने खात्यातल्या सगळ्या साइट्स पुसता आल्या असत्या, हे रद्द करताना वाचलं. ऑफिसचा कोड जपायच्या नादात स्वतःच्या घराची किल्ली चौकात टांगून आलो.

रात्रपाळी | शनिवार, रात्री १२.४०

होतं असं. मी एकदा मीटिंगमध्ये स्क्रीन दाखवताना टर्मिनल उघडलं होतं, त्यात अख्खी एन्व्हायर्नमेंट फाइल, म्हणजे सगळ्या किल्ल्या. गिटहबचं टोकन चुकून सार्वजनिक रेपोत गेलं तर गिटहब ते ओळखून स्वतःच रद्द करतं, पण प्लॅटफॉर्मचं टोकन एखाद्या मराठी धाग्यावर पडलं तर ते बघायला कोणी येणार नाही.

बटण न दाबण्याच्या तुमच्या निर्णयाला मात्र अनुमोदन. एप्रिल २०२२ आठवा. हेरोकू आणि ट्रॅव्हिस सीआय या कोड चढवणाऱ्या-तपासणाऱ्या दोन सेवांना लोकांनी दिलेली ओऑथ टोकनं (गिटहब खात्याची परवानगी) चोरीला गेली. ती वापरून चोराने डझनावारी संस्थांच्या खासगी रेपो उतरवून घेतल्या. गिटहबने १५ एप्रिलला ते जाहीर केलं. गिटहबचं स्वतःचं कुलूप फुटलेलंच नव्हतं. लोकांनी विश्वासाने शेजारी ठेवायला दिलेल्या किल्ल्या शेजाऱ्याकडून गेल्या. त्यानंतर हेरोकूची गिटहब जोडणी कित्येक आठवडे बंद होती.

फक्त एक फरक लक्षात घ्या. जुन्या पद्धतीचं ओऑथ अ‍ॅप 'रेपो' हा अधिकार मागतं, आणि तो दिला की तुमचा हात जिथवर पोचतो त्या सगळ्या खासगी रेपो आल्या. 'गिटहब अ‍ॅप' प्रकारात इन्स्टॉल करतानाच रेपो निवडता येतात, आणि त्यातून निघणारं टोकन तासाभरात मरतं. त्यामुळे सगळीच बटणं सारखी नसतात. परवानगीचं पान नीट वाचायचं. रेपो निवडायला देत असेल तर बिनधास्त दाबा.

गावदेवीकर | शनिवार, सकाळी ७.५०

ठीक, बटणाचा मुद्दा मागे घेतो. अ‍ॅक्शन्सचा नाही. तिथे बाहेरच्या कोणाला गिटहबची किल्ली द्यावीच लागत नाही, उलट प्लॅटफॉर्मची किल्ली गिटहबकडे राहते.

रात्रपाळी | शनिवार, सकाळी ८.१५

म्हणजे किल्ली कोणाकडे ठेवायची एवढाच फरक. ज्याला ज्याचा विश्वास.

शेवंती | शनिवार, सकाळी ९.०५

चर्चा छान चाललीये, पण मूळ प्रश्न बाजूला पडला. खाडीकाठचे, तुम्ही प्लॅटफॉर्मचा लॉग बघितलात. रेपोच्या सेटिंग्जमध्ये वेबहुक्स, त्यात 'रिसेंट डिलिव्हरीज' बघितलं का? प्रत्येक वेबहुक कधी निघालं, त्यात काय गेलं आणि तुमच्या रिसीव्हरने काय उत्तर दिलं, सगळं तिथे असतं. तीनेक दिवसांचंच असतं, तेव्हा लवकर बघा.

खाडीकाठचा | शनिवार, सकाळी ९.४०

बघितलं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार आणि आजची. चारही लाल. पण बुधवारी आणि शुक्रवारी मेनू चढला होता! आज चढला नाही, मी हाताने चढवला. लाल असून चढतो, मग या लालला अर्थ काय?

शेवंती | शनिवार, सकाळी ९.४८

लालमध्येही जाती असतात. एकेक ओळ उघडा, 'रिस्पॉन्स' टॅबवर जा आणि कोड सांगा.

खाडीकाठचा | शनिवार, सकाळी १०.३०

(मावशीकडे डबे भरायला हात लावत होतो.)

बुधवार, टाइम आउट. गुरुवार, ४०१ ('ओळख पटली नाही'). शुक्रवार, टाइम आउट. आज, ४०१.

चौथी_सीट | शनिवार, सकाळी १०.३६

माझा झोपेचा सिद्धांत गेला बाराच्या भावात. टाइम आउटवाले चढले आणि ज्यांना झटकन उत्तर मिळालं तेच पडले. रिसीव्हर जागाच आहे. तुम्ही एपीआयला सांगून डिप्लॉय (साइट चढवणं) पूर्ण व्हायची वाट बघत बसता का? आणि मग गिटहबला उत्तर देता?

खाडीकाठचा | शनिवार, सकाळी १०.४१

हो. चाळीसेक सेकंद लागतात. चढलं की २०० ('झालं') देतो. चूक आहे का?

चौथी_सीट | शनिवार, सकाळी १०.५५

चालतंय म्हणून चालतंय. गिटहब १० सेकंदांनी फोन ठेवून जातं, तुम्ही पलीकडे कोणी नसताना बोलत राहता. सही जुळली की लगेच २०२ द्यायचा, म्हणजे 'निरोप मिळाला, काम लावतो', आणि डिप्लॉय मागे वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे बाजूला चालू. मग लाल फक्त खरं बिघडलं तरच दिसेल. तुमच्याकडे सगळंच लाल असल्यामुळे खरा लाल त्यात लपून गेला.

शेवंती | शनिवार, सकाळी ११.१०

बरोबर. आता ४०१. तो तुमच्याच कोडमधून येतोय ना, सही जुळली नाही तर?

खाडीकाठचा | शनिवार, सकाळी ११.१५

हो, आणि तिथे मी लॉगच केलेलं नाही, म्हणून मला पत्ता नव्हता. पण सीक्रेट (सहीसाठी गिटहबला आणि रिसीव्हरला दिलेला गुप्त शब्द) तर एकच आहे, बदललेलं नाही. बुधवारी जुळतं आणि गुरुवारी जुळत नाही असं कसं होईल? सीक्रेट काय वार बघून चालतं?

तर्कटपंजी | शनिवार, सकाळी ११.१८

गुरुवारी दत्ताचा उपास असेल.

शून्यापासून_सुरू | शनिवार, सकाळी ११.४५

नवख्यांसाठी थोडक्यात, सही म्हणजे काय. गिटहब वेबहुकचा अख्खा मजकूर, म्हणजे बॉडी, आणि तुमचं सीक्रेट घेऊन एचमॅक-शा-२५६ (दोन्हींवरून निघणारा ठसा) काढतं आणि 'एक्स-हब-सिग्नेचर-२५६' या हेडरमध्ये पाठवतं. तुम्ही तोच हिशोब इकडे करायचा आणि दोन्ही ताडून बघायचे. एक बाइट जरी इकडचा तिकडे झाला तरी उत्तर पार वेगळं. गिटलॅब या गिटहबसारख्याच साइटवर 'एक्स-गिटलॅब-टोकन' हेडरमध्ये तुम्ही ठरवलेलं टोकन तसंच्या तसं पाठवायची पद्धत आहे, तिथे ही भानगड येत नाही.

तेव्हा सीक्रेट तेच असेल तर बॉडी बदलतेय. आणि जुळणी साध्या बरोबरच्या चिन्हाने करू नका, पायथनच्या एचमॅकमध्ये कम्पेअर डायजेस्ट आहे ते वापरा, नाहीतर उत्तराला लागणाऱ्या वेळेवरून सही ओळखता येऊ शकते. आणखी एक, कोणी ब्रँच डिलीट केली तरी पुशचं वेबहुक येतं, त्यात 'आफ्टर' (पुशनंतरचं शेवटचं कमिट) या जागी ४० शून्यं असतात. ते कमिट चढवायला जाऊ नका. मी गेलो होतो.

शेवंती | शनिवार, दुपारी १२.२०

खाडीकाठचे, एक काम करा. चारही दिवसांचे कमिट मेसेज जसेच्या तसे इथे टाका. टोकन नका टाकू :)

खाडीकाठचा | शनिवार, दुपारी १२.३३

बुधवार: 'अपडेट मेनू' (गिटहब स्वतःच भरतं ते इंग्रजीतलं वाक्य)
गुरुवार: वालाचं बिरडं
शुक्रवार: पुन्हा तेच 'अपडेट मेनू'
आज: भरली वांगी, सोबत कढी

तिला म्हटलं होतं की वेळ असेल तर काय बदललं ते दोन शब्दांत लिहीत जा.

शेवंती | शनिवार, दुपारी १२.३५

वेळ असेल तर.

चौथी_सीट | शनिवार, दुपारी १२.३७

आईशप्पथ.

गावदेवीकर | शनिवार, दुपारी १२.३९

घाईत असते तेव्हा काही लिहीत नाही, आयतं इंग्रजी जातं. निवांत असते तेव्हा मराठीत लिहिते. दंडवत घ्या शेवंतीताई.

तर्कटपंजी | शनिवार, दुपारी १२.४४

दुकानाच्या पाट्या मराठीत करून घेतल्या, आता वेबहुकवर मोर्चा काढावा लागणार तर.

पण गंमत सोडा, मला हे पटलेलं नाही. मेनूची फाइल तर रोजच मराठीत आहे. बुधवारी 'दुधी-चणाडाळ' देवनागरीतच लिहिलं असणार ना? मग बुधवारी का नाही पडलं?

शून्यापासून_सुरू | शनिवार, दुपारी १२.५८

कारण पुशच्या वेबहुकमध्ये फाइलच्या आतला मजकूर नसतोच. कोणत्या फाइली आल्या, बदलल्या, गेल्या त्यांची फक्त नावं असतात. कमिटचा मेसेज मात्र पूर्ण असतो. फाइलचं नाव इंग्रजीत, बहिणीचं खात्यावरचं नावही बहुतेक इंग्रजीतच असेल. म्हणजे अख्ख्या बॉडीत देवनागरी यायला मेसेज ही एकच जागा.

खाडीकाठचा | शनिवार, दुपारी १.०५

नाव इंग्रजीतच आहे. पण गिटहबला मराठी चालत नाही असं थोडंच आहे? त्यांच्या साइटवर मेसेज व्यवस्थित दिसतो.

शेवंती | शनिवार, दुपारी १.१०

गिटहबचा दोष नाही. तुम्ही सही कशावर काढता? आलेल्या कच्च्या बॉडीवर, की जेसन (बॉडीतल्या माहितीची मांडणी) वाचून, त्याची डिक्शनरी करून, मग परत जेसन बनवून?

इथे कोड डकवला की इंडेंटेशनची वाट लागते, शब्दांतच सांगा. आणि एक प्रयोग करा. आलेल्या बॉडीची लांबी आणि तुम्ही सही काढता त्या मजकुराची लांबी, दोन्ही लॉग करा आणि गुरुवारची डिलिव्हरी 'रिडिलिव्हर' बटणाने पुन्हा मागवा. बहिणीला त्रास द्यायला नको.

खाडीकाठचा | शनिवार, रात्री ९.२०

दुपारी डबेवाल्या पोराची सायकल पंक्चर, म्हणून मीच ऐरोलीला डबे पोचवून आलो. संध्याकाळी ठाण्याला परत येताना गाडीत सगळं लक्षात आलं, घरी येऊन खात्री केली.

आलेली बॉडी: ७,४१२ बाइट. माझा मजकूर: ७,४७८ बाइट. फरक ६६.

मी परत जेसन बनवूनच सही काढत होतो. पहिल्या दिवशी जुळत नव्हती, तेव्हा लक्षात आलं की पायथन परत जेसन लिहिताना स्वल्पविराम आणि अपूर्णविरामानंतर एकेक मोकळी जागा सोडतो आणि गिटहबच्या मजकुरात ती नसते. त्या जागा काढल्या आणि जुळली! केवढा आनंद झाला होता. ते ठिगळ होतं हे आता कळतंय. पण हे ६६ कुठून आले?

शेवंती | शनिवार, रात्री ९.४१

सांगते, मला हे फार आवडलं :)

पायथनचं जेसन डम्प्स, म्हणजे जेसन लिहिणारं फंक्शन, मुळात सावध असतं. इंग्रजीबाहेरचं अक्षर दिसलं की ते तसं न लिहिता बॅकस्लॅश, यू आणि चार खुणांचा आकडा असं लिहितं. म्हणजे 'व' असेल तर बॅकस्लॅश, यू, ०९३५. 'एन्शुअर आस्की' नावाचा पर्याय मुळातच चालू असतो, त्याची ही करामत. अर्थ तोच, वाचणाऱ्याला परत 'व'च मिळतो, पण बाइट वेगळे. गिटहब 'व' सरळ यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) पाठवतं, त्याला लागतात ३ बाइट. तुमच्याकडे झाले ६. प्रत्येक खुणेमागे ३ बाइट जास्त.

आता 'वालाचं बिरडं' मोजा. काना, वेलांटी, अनुस्वार हे सगळे युनिकोडमध्ये वेगळे मोजले जातात. व, काना, ल, काना, च, अनुस्वार, हे ६. ब, वेलांटी, र, ड, अनुस्वार, हे ५. एकूण ११. अकरा त्रिक ३३. आणि पुशच्या वेबहुकमध्ये मेसेज दोनदा येतो, एकदा कमिट्सच्या यादीत आणि एकदा 'हेड कमिट'मध्ये. ६६.

रात्रपाळी | शनिवार, रात्री ९.४४

टाळ्या. वाखुसा (वाचनखूण साठवली).

चौथी_सीट | शनिवार, रात्री ९.५०

मी हे ऑफिसच्या नोटिस बोर्डावर लावणार आहे. बिरड्याचे ६६ बाइट.

शून्यापासून_सुरू | शनिवार, रात्री १०.०२

'एन्शुअर आस्की' बंद करून जुळवू नका हं, ते दुसरं ठिगळ होईल. उद्या आणखी काही वेगळं निघेल. फ्लास्कमध्ये रिक्वेस्टवर 'गेट डेटा' म्हटलं की आलेले बाइट जसेच्या तसे मिळतात. आधी त्यावर सही, ती जुळली तरच जेसन उलगडायचं. पाकिटावरचं सील बघायचं तर पाकीट फोडायच्या आधी.

खाडीकाठचा | शनिवार, रात्री १०.३५

केलं. तीन ओळी कमी झाल्या, एक वाढली. सही जुळताच २०२ आणि डिप्लॉय मागे, हेही केलं. गुरुवारची डिलिव्हरी पुन्हा रिडिलिव्हर केली. हिरवी! महिन्याभरात पहिल्यांदा हिरवं बघितलं. सगळ्यांचे मनापासून आभार, शेवंतीताई विशेष.

रात्रपाळी | शनिवार, रात्री १०.४८

अभिनंदन. जाता जाता एक, कारण एपीआयने जोडणारे पुष्कळ जण यात अडकतात. काही प्लॅटफॉर्म डिप्लॉय कीऐवजी सोर्सच्या टारबॉलची (सगळ्या फाइलींच्या गाठोड्याची) लिंक मागतात. गिटहबच्या एपीआयकडून ती मिळते, पण खासगी रेपोची लिंक ५ मिनिटांतच मरते. प्लॅटफॉर्मकडे रांग असली आणि तुमचा नंबर सहाव्या मिनिटाला लागला की 'सोर्स मिळाला नाही'. मी यात दोन रात्री घालवल्या, रांग नसायची तेव्हा सगळं नीट चालायचं. आणि त्या टारबॉलमध्ये सबमॉड्यूल (आत जोडलेल्या दुसऱ्या रेपो) येत नाहीत, तेव्हा थीम सबमॉड्यूलमध्ये असेल तर साइट उघडीबोडकी चढते.

बाय द वे, टोकनला अधिकार नसेल तर खासगी रेपोसाठी गिटहबचा एपीआय ४०४ ('सापडलं नाही') देतो, ४०३ ('परवानगी नाही') देत नाही. रेपो आहे हेही सांगायचं नाही म्हणून. लोक तासन्‌तास स्पेलिंग तपासत बसतात.

तर्कटपंजी | शनिवार, रात्री ११.०६

खाडीकाठचे, आत्ता सहज शंका आली. तुम्ही गुरुवारची डिलिव्हरी पुन्हा पाठवलीत. रिसीव्हर वेबहुकमध्ये असेल तेच कमिट चढवतो. मग आत्ता साइटवर काय आहे?

खाडीकाठचा | शनिवार, रात्री ११.०९

अरे देवा.

खाडीकाठचा | शनिवार, रात्री ११.३४

मावशीचा फोन येऊन गेला. साडेदहाला तिच्या फोनवर 'मेनू लागला' असा निरोप गेला. तिला वाटलं मी सोमवारचा मेनू आधीच लावला. पान उघडलं तर बिरडं. तेवढ्यात गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट टाकला. आत्तापर्यंत ११ जणांनी सोमवारचा बिरड्याचा डबा सांगितलाय. त्यात तो महाप्याचा दुधीवालाही आहे.

मी म्हटलं, पान आत्ता बदलतो. ती म्हणाली, राहू दे, मी वाल भिजत घातले पण.

शून्यापासून_सुरू | शनिवार, रात्री ११.४१

:)) चढवायच्या आधी एपीआयला विचारून घ्या की वेबहुकमधलं 'आफ्टर' आत्ताही मेनचं टोक, म्हणजे शेवटचं कमिट, आहे का. नसेल तर सोडून द्या. त्यासाठी एका रेपोपुरतं, फक्त वाचायचं फाइन-ग्रेन्ड टोकन पुरे. तेच एकापाठोपाठ दोन पुश उलट्या क्रमाने आले तरी उपयोगी पडतं.

खाडीकाठचा | सोमवार, सकाळी ७.४८

वरचं टोक तपासायचं काल लिहिलं. आजचा हिशोब: ७.१२ ला कमिट, ७.१२ लाच २०२, ७.१३ ला मेनू चढला. बहिणीला सांगितलं होतं की आज काहीतरी मराठीत लिहीच. मेसेज असा आहे: 'बिरडंच आहे, वाल सोलून सोलून बोटं गेली, दादाला पण बोलावलंय'.

सही जुळली. मी ट्रान्सहार्बरने घणसोलीला निघालोय, उरलेले वाल सोलायला.

चौथी_सीट | सोमवार, सकाळी ८.०२

रबाळ्याला दोन डबे मिळतील का? साडेदहाच्या आत सांगतोय.